दमयंतीचा पेच : रविवर्म्यांच्या नायिका एकसारख्या का दिसतात?

आजचा विषय थोडा वेगळा आहे, त्यामुळे प्रस्तावना न करता थेट गोष्टीपासूनच सुरुवात करू. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. दमयंतीचं स्वयंवर. हातात माळ घेऊन ती मंडपात येते आणि समोर बघते तर एका नलाच्या जागी पाच नल. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम या चौघांनी नलाचं रूप घेतलेलं. नाक तेच, डोळे तेच, बसण्याची ढबसुद्धा तीच. आता माळ घालायची कुणाला?

महाभारतानं हा पेच कसा सोडवला आहे ते नीट बघा. चेहरा बघून तो सुटतच नाही. दमयंती आपल्या सत्याची आण घालून देवांना विनवते, तेव्हा देव आपली लक्षणं प्रकट करतात. त्यांना घाम येत नाही. त्यांची पापणी लवत नाही. त्यांच्या गळ्यातल्या माळा कोमेजत नाहीत. त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि त्यांची सावली पडत नाही. मग जो धुळीनं माखला आहे, ज्याला घाम आला आहे, ज्याची माळ सुकली आहे आणि ज्याची सावली पडली आहे, तो नल. देव ओळखले ते देवपणाच्या लक्षणांवरून आणि माणूस ओळखला तो घाम-धुळीवरून. हे मनात ठेवा. आपल्याला याची गरज पुढे पडणार आहे.

आता याच दमयंतीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. हंसाशी बोलणारी दमयंती म्हटलं की कोणती बाई दिसते? राजा रविवर्म्यांची. शकुंतला म्हटलं की? पायातला काटा काढायचं निमित्त करून मागे वळून बघणारी, तीही रविवर्म्यांचीच. मोहिनी, गंगा, मत्स्यगंधा, राधा, सुभद्रा, तारामती, कमळात उभी लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती. आता प्रत्येकीच्या हातातली वस्तू काढून घ्या. हंस काढा, हरिण काढा, वीणा काढा, कमळ काढा. नुसते चेहरे एका रांगेत ठेवा आणि नावं लावा बघू. आम्ही हा प्रयोग वर्गात अनेकदा केला. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना 'अभिज्ञान' म्हणजे काय ते समजवायला याच्याइतकं सोपं साधन नाही. मुलं पटापट उत्तरं द्यायची आणि सगळ्यांची उत्तरं वेगवेगळी यायची.

लंबगोल चेहरा, भरलेले गाल, जड पापण्यांचे मोठे डोळे, किंचित कललेली मान. कथा बदलते, चेहरा बदलत नाही.

याचं उत्तर म्हणून एक सोपा शेरा मारला जातो, की चित्रकाराला एकच चेहरा काढता येत होता. तो आधी निकालात काढू. रविवर्मा (१८४८-१९०६) हे आपल्या काळातले अव्वल व्यक्तिचित्रकार. संस्थानिक आणि इंग्रज अधिकारी त्यांच्यापुढे बसायचे ते साम्य साधतं म्हणूनच. १८९३ मधलं 'देअर कम्स पापा' हे चित्र बघा. कडेवर मूल घेतलेली ती नायर स्त्री म्हणजे त्यांची मुलगी महाप्रभा. ती कुणाही दमयंतीसारखी दिसत नाही, ती महाप्रभाच दिसते. म्हणजे हात तयार होता, डोळा तयार होता. पोट्रेट करताना माणूस वेगळा दिसायचा आणि पुराणात शिरलं की सगळ्या बहिणी-बहिणी व्हायच्या. हे सरावाचं किंवा आळसाचं काम नाही, काहीतरी धरून केलेलं आहे.

काय धरून, ते बघायला बडोद्याला जावं लागतं. सयाजीराव गायकवाडांनी रविवर्म्यांना चौदा पौराणिक चित्रांचं काम दिलं. ती चित्रं १८९० पर्यंत पूर्ण झाली. नल-दमयंती, शंतनू-गंगा, शंतनू-मत्स्यगंधा, विश्वामित्र-मेनका, हरिश्चंद्र-तारामती, कीचक-सैरंध्री वगैरे. या कामाआधी रविवर्मा आणि त्यांचे धाकटे भाऊ राजराजा वर्मा देशभर हिंडले. प्रश्न होता, या सगळ्या बायकांना नेसवायचं काय? केरळातलं मुंडू नेसवलं तर पंजाबातल्याला ती परकी वाटणार. घागरा घातला तर मद्राशाला परकी. शेवटी त्यांच्या अनेक नायिकांना साडी मिळाली आणि त्यात आपलं नऊवारी नेसणं ठळक दिसतं. मंडळी, सीतेची, दमयंतीची, लक्ष्मीची जी साडी आज सगळ्या देशाला 'पारंपरिक' वाटते ती अशी शोधून, ठरवून आणलेली आहे. आमचा कयास असा, की चेहऱ्याचंही तेच झालं. कुठल्याही प्रांताची म्हणून ओळखू न येणारी आणि कुठल्याही प्रांताला परकी न वाटणारी बाई हवी होती. अशी बाई बाजारात भेटत नाही. ती घडवावी लागते.

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात त्यांचं १८८९ चं एक चित्र आहे. वेगवेगळ्या प्रांतांच्या आणि जमातींच्या अकरा स्त्रिया वाद्यं घेऊन एकत्र बसल्या आहेत. वेश अकरा तऱ्हेचे, दागिने अकरा तऱ्हेचे. चेहरे मात्र तीन-चारांपुढे जात नाहीत. आम्हा सोलापूरकरांना हे समजायला अवघड नाही. जॅकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एकदा चढवली की नक्षी ठरली. मग लाल सूत घाला, हिरवं घाला, चादरी वेगळ्या रंगाच्या निघतात, पण मोर त्याच जागी उमटतो.

आणि जॅकार्डची तुलना नुसती गमतीची नाही, कारण पुढे खरोखरच यंत्र आलं. १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत गिरगावात छापखाना काढला. जर्मन यंत्रं, जर्मन कारागीर. पहिलं चित्र छापलं 'शकुंतलाजन्म'. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुढे कर्ज झालं आणि तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. ऑलिओग्राफची पद्धत अशी, की प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. मूळ चित्र बघून कारागीर ते दगडांवर उतरवणार. त्यात त्वचेखालची छटा, ओठाजवळची बारीक सावली गळून जाते. जे राहतं ते ठळक. म्हणजे आधीच एकसारखा असलेला चेहरा दगडावर चढताना आणखी एकसारखा झाला. श्लायशरच्या हाती छापखाना गेल्यावर रविवर्म्यांनी कधी न काढलेली चित्रंही त्याच छापखान्याच्या नावानं बाहेर पडली, तोच चेहरा घेऊन. मग दिनदर्शिका, औषधांच्या जाहिराती, कापडाच्या ताग्यांवरची लेबलं. घरोघरच्या बायकांनी त्या छापील लक्ष्मीला जर आणि टिकल्या चिकटवल्या, कापडाची साडी नेसवली. काचेच्या चौकटीत बसून ती देवघरात गेली.

इथे दमयंतीची यादी आठवा. घाम नाही, पापणी लवत नाही, माळ सुकत नाही. छापील बाई या तिन्ही कसोट्यांना उतरते. शकुंतला ही कण्वाच्या आश्रमात झाडांना पाणी घालणारी मुलगी, मत्स्यगंधा होडी वल्हवणारी कोळ्याची पोर. पण चित्रात त्यांच्या पायाला धूळ लागलेली नाही. नायिका आणि देवी यांच्यातला फरक हातातल्या वस्तूपुरता उरला.

आपल्या परंपरेत हे फार वावगं मानलेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. मूर्तिशास्त्रात देव ओळखायचा तो आयुधावरून, वाहनावरून. चेहऱ्यावरून विष्णू ओळखा असं कुणी म्हणत नाही. कालिदासानं तर नाटकाच्या नावातच 'अभिज्ञान' घातलं. भर दरबारात शकुंतलेचा घुंगट बाजूला होतो, दुष्यंत तो चेहरा डोळे भरून बघतो आणि तरी ओळखत नाही. कोळ्याला सापडलेली अंगठी समोर येते तेव्हा आठवण येते. वेदान्तात 'तो हा देवदत्त' असं एक ठरलेलं उदाहरण आहे. तेव्हाचा काळ आणि ते ठिकाण सोडून द्या, आत्ताचा काळ आणि हे ठिकाणही सोडून द्या, मग उरतो तो देवदत्त. रविवर्म्यांच्या बाबतीत उदाहरण उलटं होतं. काळ, ठिकाण, वेश, वस्तू सगळं सोडून दिलं तर उरते ती दमयंतीही नाही आणि शकुंतलाही नाही. उरते एक अनाम बाई.

ती अनाम बाई कोण? अंजनीबाई मालपेकर (१८८३-१९७४) यांचं नाव या संदर्भात घेतलं जातं. गोव्याच्या, भेंडीबाजार घराण्याच्या थोर गायिका. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांनी त्यांच्याकडे तालीम घेतली. तरुणपणी त्या रविवर्म्यांच्या चित्रांसाठी बसल्या असं सांगतात. आता या गोष्टीचं वजन लक्षात घ्या. कलावंत घराण्यातल्या बाईला त्या काळी सभ्य म्हणवणाऱ्या घरात पुढच्या दारानं प्रवेश नसे. गाणं ऐकायचं, बिदागी द्यायची, संपलं. आणि त्याच घरांच्या भिंतींवर, देवघरांत रविवर्म्यांच्या बायका. अंजनीबाईंना नंतर संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला, तो गाण्यासाठी आणि रास्तच. पण चित्राखाली नाव छापलं गेलं ते चित्रकाराचं, छापखान्याचं आणि देवीचं.

दुसरी हानी रंगाची. महाभारतात द्रौपदीचं एक नावच कृष्णा आहे. काळीसावळी म्हणून कृष्णा. मत्स्यगंधेचं एक नाव काली. कवीनं ज्यांचा काळा वर्ण नावातच नोंदवला, त्यांना छापील परंपरेनं गव्हाळ-गोरं करून टाकलं. त्यामागे दुष्ट हेतू होता असं आम्ही म्हणत नाही. नक्षी ठरली होती, एवढंच. पण त्या नक्षीनं मुली मोजल्या गेल्या. 'अगदी लक्ष्मीसारखी दिसते' हे वाक्य आपल्या घरांत मुलगी बघायला गेल्यावर कुणाबद्दल म्हणतात आणि कुणाबद्दल म्हणत नाहीत, हे इथे बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. विडी वळणाऱ्या, मागावर कांड्या भरणाऱ्या आमच्या गावच्या बायकांपैकी किती जणी त्या चौकटीत बसतील? मुळात वेगळे चेहरे काढणं अशक्य होतं असंही नाही. आपले कोल्हापूरचे म. वि. धुरंधर बघा. ऑटो रॉथफेल्ड यांच्या 'विमेन ऑफ इंडिया' या १९२० च्या पुस्तकासाठी त्यांनी निरनिराळ्या जातीजमातींच्या बायका काढल्या. कुणी रुंद जबड्याची, कुणी चपट्या नाकाची. त्या पानांवर बायका दिसतात. पण घरोघर गेल्या नाहीत, हेही खरंच.

महाराष्ट्रात हा एकच चेहरा इतक्या सहज पचला याचं आणखी एक कारण आहे. आपण नाटकवाले लोक. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० चं, 'सौभद्र' १८८२ चं. भाऊराव कोल्हटकर आज सुभद्रा, उद्या शकुंतला. पुढे १९०५ मध्ये मिरजेत बालगंधर्व शकुंतला म्हणून उभे राहिले आणि मग भामिनी, रुक्मिणी, सिंधू अशी त्यांची रांग लागली. प्रेक्षकाला काय दिसत होतं? एकच चेहरा, एकच गळा, नायिका अनेक. त्यावर कुणी आक्षेप घेतला नाही, उलट तोच चेहरा बघायला लोक पुन्हा यायचे. चेहरा कंपनीचा, नाव भूमिकेचं. पुरुषानं स्त्री व्हावं हे चालत होतं, मग एकीनं दुसरी व्हावं यात काय मोठं?

दादासाहेब फाळके या दोन्ही घरांचे वारस. त्यांनी रविवर्मा छापखान्यासाठी फोटो-लिथोचं काम केलेलं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, हॉटेलात काम करणारा तरुण. आणि १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी रामही केला आणि सीताही केली. हे ऐकून हसू येतं, आम्हालाही येतं. पण लोक दर्शन घेतल्यासारखे ते चित्रपट बघत होते. मुकुट आणि धनुष्य असलं की राम, पदर आणि कुंकू असलं की सीता. लक्षणांचा विजय याहून पूर्ण असू शकत नाही.

तुमच्यापैकी जी तरुण मंडळी जपानी मांगा वाचतात, त्यांना आतापर्यंतचं सगळं ओळखीचं वाटत असेल. आमच्या नातवंडांच्या पिढीनं आम्हाला ही पुस्तकं दाखवली आणि आम्ही चकितच झालो. ओसामु तेझुका यांनी तर याची उघड पद्धतच केली. आपली पात्रं ही जणू एका कंपनीतले नट आहेत असं मानून ते एकाच चेहऱ्याला एका कथेत एक आणि दुसऱ्या कथेत दुसरी भूमिका द्यायचे. ते वाढले ताकाराझुका गावात. तिथे १९१४ पासून एक प्रसिद्ध नाट्यमंडळी आहे, जिथे पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करतात. आपली गंधर्व नाटक मंडळी १९१३ ची, म्हणजे एका वर्षाच्या अंतरानं पृथ्वीच्या दोन टोकांना आरसा धरल्यासारखे दोन रंगमंच. पुढे १९५३ मध्ये तेझुकांनी राजपुत्र म्हणून वाढवलेल्या राजकन्येची कथा काढली, तिच्यावर या नाटकांची छाप आहे.

त्याहून आम्हाला विचारात पाडलं ते लेजी मात्सुमोतो यांनी. लांब केस, लांब पापण्या, उंच सडपातळ अंग, उदास डोळे. मालिका बदलली तरी ती बाई तीच. मेतेल घ्या, एमेराल्डास घ्या, 'यामातो'मधल्या युकी आणि स्टार्शा घ्या. कागदावरून त्या टीव्हीवर आल्या, मोठ्या पडद्यावर आल्या आणि चित्रकारांचे हात बदलले तरी चेहरा टिकला. पण १९७७ च्या 'गॅलेक्सी एक्स्प्रेस ९९९'मध्ये मात्सुमोतो एक गोष्ट करतात, जी रविवर्म्यांच्या छापखान्याला सुचली नाही. मेतेल ही त्या पोरक्या मुलाच्या मेलेल्या आईसारखी दिसते. हे साम्य ते लपवत नाहीत, त्यालाच कथेचं रहस्य करतात. मुलगा विचारतो, ही कोण? वाचकही विचारतो. रविवर्म्यांकडे यासाठी तयार जागा होती. 'शकुंतलाजन्मा'तली मेनका आणि पुढे मोठी झालेली शकुंतला या मायलेकीच की! त्या दोघी सारख्या दिसतात तेव्हा चित्राला अर्थ येतो. पण गंगाही तशीच आणि मोहिनीही तशीच म्हटल्यावर तो अर्थ विरघळून जातो.

आता शेवटी आपल्या गावाकडे येतो. व्ही. शांतारामांनी राजकमल काढल्यावर १९४३ मध्ये 'शकुंतला' केला. नायिका जयश्री. तो वेश, ती फुलं, ती मान कलवण्याची तऱ्हा थेट रविवर्म्यांच्या घरातली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९४६ मध्ये, शांतारामांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' केला. आपल्या सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांची कथा. चीनमध्ये युद्धात जखमी झालेल्यांवर उपचार करता करता ते ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. कोटणीस झाले स्वतः शांताराम. आणि त्यांची चिनी पत्नी? जयश्री. शकुंतलेचा चेहरा तोच, अंगावर चिनी कपडे, नाव चिंग लान. शांतारामांची अडचण आम्हाला समजते. १९४६ च्या मुंबईत चिनी नायिका कुठून आणणार, आणि आणली तरी प्रेक्षक तिकीट काढणार का? तरीही हे उदाहरण आम्हाला पुराणातल्या सगळ्या उदाहरणांपेक्षा जास्त टोचतं. दमयंती कशी दिसत होती हे तपासायला कुणी जाऊ शकत नाही. पण क्वो छिंगलान या तर जिवंत होत्या, परिचारिका होत्या. चित्रपट झळकला तेव्हा त्यांच्या पदरी कोटणीसांचा चार वर्षांचा मुलगा होता.

त्यांचे फोटो आता सहज बघायला मिळतात. गोल, रुंद चेहरा, वर आलेली गालाची हाडं, बारीक डोळे. जयश्रींच्या शेजारी ठेवून बघा. मुलाचं नाव यिनह्वा ठेवलं होतं. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. तो तरुणपणीच गेला. क्वो छिंगलान त्यानंतरही भारतात अनेकदा येऊन गेल्या आणि २०१२ मध्ये वारल्या.